लॅपटॉपच्या मदरबोर्डवर शॉर्ट झालेला कॅपॅसिटर कसा शोधावा आणि कसा बदलावा

चार्जर लावला तरी दिवा लागत नाही, बटण दाबले तरी पंखा हलत नाही आणि पडदा काळाच राहतो, असा लॅपटॉप दुरुस्तीला नेला की अनेकदा ‘मदरबोर्ड गेला’ एवढेच उत्तर मिळते आणि नव्या बोर्डाची किंमत ऐकून मालक लॅपटॉपच टाकून देण्याचा विचार करू लागतो. अशा पूर्ण मृत वाटणाऱ्या बोर्डांपैकी बऱ्याच बोर्डांवर प्रोसेसर, चिपसेट, मेमरी हे सगळे महागडे भाग ठणठणीत असतात. फक्त मुख्य वीजवाहिनीवरचा, तांदळाच्या कणीएवढा एक सिरॅमिक कॅपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारा भाग) आतून शॉर्ट झालेला असतो, म्हणजे त्याची दोन्ही टोके आतल्या आत जोडली गेलेली असतात, आणि त्याची किंमत काही रुपयांपलीकडे नसते. हा एकच दोष नेमका कसा ओळखावा आणि तो भाग बोर्डाला इजा न करता कसा बदलावा, हे मी येथे सविस्तर सांगणार आहे. एकच दोष निवडण्याचे कारण असे की तो शोधण्याची रीत नीट हाती बसली, तर शॉर्ट झालेला मॉसफेट (विजेचा स्विच म्हणून काम करणारा भाग) किंवा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) शोधतानाही तीच कामी येते.

हे काम ज्यांनी आधी थोडेफार सोल्डरिंग केले आहे त्यांच्यासाठी आहे. ज्यांनी लहान एसएमडी, म्हणजे थेट बोर्डाच्या पृष्ठभागावर सोल्डर केलेले, भाग कधीच काढले-बसवले नाहीत, त्यांनी भंगारातला एखादा बोर्ड घेऊन त्यावरचे वीस-पंचवीस कॅपॅसिटर काढून परत बसवावेत आणि मगच चालू होण्याची आशा असलेल्या बोर्डाला हात लावावा.

एका बोर्डाची हकीकत

पुढची मोजमापे समजायला सोपी जावीत म्हणून माझ्या टेबलावर आलेल्या एका लॅपटॉपचे आकडे मी जागोजाग देणार आहे. पंधरा इंची साधा लॅपटॉप होता, टेबलावरून पडला होता, बिजागरीजवळचा कोपरा चेपला होता आणि पडल्यानंतर दोन दिवस चालून तो अचानक बंद झाला होता. माझ्याकडे येण्यापूर्वी दुसऱ्या एका कारागिराने चार्जिंगच्या चिपवर हॉट एअर (गरम हवेचा झोत) मारून पाहिली होती. चिप निर्दोष होती, पण त्या उष्णतेने शेजारच्या बॅटरी कनेक्टरचे प्लास्टिक मात्र वितळले होते. दोष होता तिथून चार इंचांवर. न मोजता गरम करणे ही या कामातली सर्वांत महाग चूक आहे, कारण तिने मूळ दोष जात नाही आणि नवा दोष मात्र पदरात पडतो.

पडण्याचा आणि कॅपॅसिटर शॉर्ट होण्याचा संबंध या भागाच्या रचनेत आहे. बहुस्तरीय सिरॅमिक कॅपॅसिटरमध्ये बेरियम टायटनेटचे अतिशय पातळ थर आणि त्यांच्यामध्ये धातूचे तितकेच पातळ थर एकावर एक रचलेले असतात. धातूचा एक थर उजव्या टोकाला जोडलेला, तर पुढचा डाव्या. सिरॅमिक कठीण असले तरी ठिसूळ असते, त्यामुळे बोर्ड किंचित वाकला तरी कॅपॅसिटरच्या टोकाजवळ खालच्या बाजूने तिरपी चीर जाऊ शकते. ही चीर वरून बहुधा दिसत नाही. पुढे त्या चिरेत दमटपणा शिरतो, समोरासमोरच्या थरांमध्ये गळती सुरू होते, गळतीने भाग तापतो आणि शेवटी दोन्ही टोके जवळजवळ थेट जोडली जातात. पडल्याबरोबर नव्हे तर काही दिवसांनी लॅपटॉप बंद पडतो, तो यामुळे. बोर्डाच्या कडेजवळचे, स्क्रूच्या भोकाशेजारचे आणि जड कॉइलच्या (तारेच्या वेटोळ्याच्या) बाजूचे कॅपॅसिटर अधिक प्रमाणात जातात. आपल्याकडे कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याची दमट हवा या प्रकाराला मदतच करते.

लागणारी साधने

चांगला डिजिटल मल्टिमीटर, ३० व्होल्ट ५ अँपिअरचा, करंटची मर्यादा ठरवता येणारा डीसी पॉवर सप्लाय, हॉट एअर स्टेशन, तापमान स्थिर राखणारा आणि रुंद टोकाचा सोल्डरिंग आयर्न, जेल स्वरूपातला फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारा लेप), कथील आणि शिसे यांच्या ६३/३७ प्रमाणाची बारीक सोल्डर तार, सोल्डर शोषून घेणारी तांब्याची विणलेली पट्टी, पिवळसर पॉलिइमाइड टेप, टोकदार चिमटा, ९९ टक्के शुद्धतेचा आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना मऊ टूथब्रश आणि चांगले भिंग एवढे पुरते. सूक्ष्मदर्शक किंवा थर्मल कॅमेरा असेल तर काम जलद होते, पण त्यांच्यावाचून अडत नाही. पॉवर सप्लायबाबत मात्र तडजोड करू नये. करंटची मर्यादा घालता न येणारा जुना अडॅप्टर कापून त्याच्या तारा बोर्डाला लावणे धोक्याचे आहे.

नळाच्या जोडकामासाठी किंवा पत्र्याला डाग देण्यासाठी वापरतात तो आम्लयुक्त फ्लक्स बोर्डावर कधीही लावू नये. तो मागे राहिला की काही महिन्यांत तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो.

लॅपटॉप उघडताना

चार्जर काढावा, खालचे झाकण उघडावे आणि इतर काहीही सोडवण्याआधी बॅटरीचा कनेक्टर काढावा. बॅटरी फुगलेली दिसली तर ती बाजूला, ज्वलनशील वस्तूंपासून दूर ठेवावी आणि पुन्हा वापरू नये. त्यानंतर पॉवरचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवले म्हणजे कॅपॅसिटरांमध्ये साठलेला प्रभार निघून जातो. बॅटरी जोडलेली असताना पडद्याची केबल काढली किंवा घातली तर बॅकलाइटचा फ्यूज उडू शकतो, आणि मग एका दोषाचे दोन होतात. स्क्रू काढताना कागदावर लॅपटॉपची ढोबळ आकृती काढून त्यावर ज्याच्या त्याच्या जागी चिकटवून ठेवावेत. लांब स्क्रू आखूड जागी बसवला तर तो बोर्डाचे थर भेदतो, आणि ते नुकसान भरून काढणे जवळपास अशक्य असते.

बोर्ड बाहेर काढल्यावर आधी दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो घ्यावेत आणि मग भिंगाखाली सावकाश पाहावे. काळवंडलेला भाग, फुटलेले कोपरे, हिरवट-निळसर गंज, पाणी किंवा चहा सांडल्याचे डाग यांची नोंद करावी. काहीच दिसले नाही म्हणून बोर्ड निर्दोष ठरत नाही. शॉर्ट झालेला सिरॅमिक कॅपॅसिटर बाहेरून अगदी नव्यासारखा दिसू शकतो, आणि म्हणूनच डोळ्यांपेक्षा मीटरवर भरवसा ठेवायचा असतो.

मुख्य लाइन ओळखणे

अडॅप्टरकडून येणारे साधारण १९ ते २० व्होल्ट जॅकमधून आत शिरल्यावर आधी दोन मॉसफेटमधून जातात. चार्जिंग चिप या मॉसफेटना दार उघडावे तसे चालू-बंद करते. त्यांच्यापुढे करंट मोजण्यासाठी बसवलेला एक जाड, रुंद रेझिस्टर असतो, ज्यावर बहुधा ‘आर०१०’ किंवा ‘आर००५’ अशी खूण छापलेली असते, म्हणजे अनुक्रमे १० किंवा ५ मिलिओहम. त्याच्या पलीकडे जी वाहिनी सुरू होते ती बोर्डाची मुख्य लाइन. तिथून ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, मेमरी, प्रोसेसर अशा प्रत्येक विभागाच्या वरच्या, म्हणजे लाइनकडच्या, मॉसफेटपर्यंत ती पोहोचते. लाइन इतकी पसरलेली असल्यामुळे तिच्यावर दोन-तीन डझन कॅपॅसिटर सहज असतात आणि ते सगळे एकमेकांना समांतर जोडलेले असतात. त्यांतला कोणताही एक शॉर्ट झाला तरी मीटर प्रत्येकावर तोच शॉर्ट दाखवतो. शोधाची खरी अडचण इथेच आहे.

बोर्डाची सर्किट आकृती मिळाली तर फार उपयोग होतो. ती लॅपटॉपच्या मॉडेलच्या नावावरून नव्हे, तर बोर्डावर छापलेल्या क्रमांकावरून शोधावी, कारण एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळे बोर्ड बसवलेले असू शकतात. अनेक बोर्डांवर वीजपुरवठ्याच्या विभागातील भागांच्या नावांना ‘पी’ हे आद्याक्षर लावलेले असते. ‘पीसी’ म्हणजे त्या विभागातला कॅपॅसिटर, ‘पीआर’ रेझिस्टर, ‘पीक्यू’ मॉसफेट, ‘पीएल’ कॉइल आणि ‘पीयू’ चिप. एवढे लक्षात ठेवले तरी अनोळखी बोर्डावर वाट सापडते.

मोजणी

मीटर ओहमवर ठेवून आधी दोन्ही काड्या एकमेकींना टेकवाव्यात आणि येणारा आकडा लिहून घ्यावा. तो काड्यांच्या तारांचा स्वतःचा रोध असतो आणि पुढच्या प्रत्येक लहान मापातून तो वजा करावा लागतो. मग काळी काडी ग्राउंडवर, म्हणजे स्क्रूच्या भोकाभोवतीच्या उघड्या धातूवर टेकवावी आणि तांबडी काडी करंट मोजणाऱ्या रेझिस्टरच्या दोन्ही टोकांवर आळीपाळीने लावून पाहावी. निरोगी मुख्य लाइनवर आकडा सुरुवातीला लहान दिसतो आणि कॅपॅसिटर भरत जातील तसा वर चढत किलोओहमच्या घरात जातो. शॉर्ट असलेल्या लाइनवर तो एक-दोन ओहमच्या आसपास किंवा त्याहूनही खाली खिळून राहतो, आणि काड्या उलटसुलट केल्या तरी बदलत नाही. माझ्या उदाहरणातल्या बोर्डावर मीटरने ०.८ ओहम दाखवले. काड्यांचा रोध ०.२ होता, म्हणजे शॉर्ट ०.६ ओहमचा.

या टप्प्यावर नवशिक्यांची हमखास फसगत होते ती बीपच्या आवाजामुळे. मीटरचा बझर काही दहा ओहमपर्यंतच्या रोधालाही वाजतो. प्रोसेसरला वीज पोहोचवणाऱ्या कॉइलचा ग्राउंडशी असलेला रोध निरोगी बोर्डावरही काही ओहम, आणि मोठ्या प्रोसेसर किंवा ग्राफिक्स चिपच्या बाबतीत एक ओहमहूनही कमी असू शकतो. बीप ऐकून प्रोसेसर शॉर्ट आहे असे ठरवलेले कित्येक चांगले बोर्ड भंगारात गेलेले मी पाहिले आहेत. म्हणून बझर बाजूला ठेवून आकडा वाचावा, आणि शंका आल्यास त्याच प्रकारच्या चालू बोर्डाशी ताडून पाहावे.

शॉर्ट रेझिस्टरच्या अलीकडे आहे की पलीकडे, याचा अंदाज लक्षणांवरूनही बांधता येतो. अडॅप्टर जोडताच त्याच्यावरचा दिवा विझत असेल तर शॉर्ट बहुधा जॅक आणि पहिल्या मॉसफेटच्या दरम्यान असतो. दिवा तसाच राहून बोर्ड मात्र करंटच घेत नसेल, तर पुढची लाइन शॉर्ट असल्यामुळे चार्जिंग चिपने मॉसफेट उघडलेच नाहीत, अशी शक्यता मोठी असते.

व्होल्टेज देण्यापूर्वीची एक तपासणी

शॉर्ट भाग शोधण्यासाठी आपण लाइनमध्ये बाहेरून कमी व्होल्टेज सोडणार आहोत. त्याआधी मुख्य लाइन आणि प्रत्येक मोठी कॉइल यांच्यामधला रोध मोजलाच पाहिजे. हे मी आग्रहाने सांगतो, कारण ही पायरी घाईत सर्रास वगळली जाते. एखाद्या विभागाचा वरचा मॉसफेट शॉर्ट झाला असेल, तर मुख्य लाइन त्या कॉइलला थेट जोडलेली असते. तो विभाग प्रोसेसरचा असेल तर ग्राउंडशी दिसणारा कमी रोध हा प्रत्यक्षात प्रोसेसरचा स्वतःचा असू शकतो. अशा वेळी लाइनमध्ये सोडलेले व्होल्टेज सरळ प्रोसेसरमध्ये शिरते आणि वाचवता येण्याजोगा बोर्ड आपल्याच हाताने मरतो. कोणत्याही कॉइलशी शून्याच्या जवळचा आकडा आला तर तिथेच थांबावे आणि आधी तो मॉसफेट काढावा. माझ्या बोर्डावर सर्व कॉइलशी असलेला रोध ग्राउंडशी असलेल्या रोधापेक्षा स्पष्टपणे जास्त होता, त्यामुळे पुढे जाता आले.

दोषी भाग शोधणे

पॉवर सप्लाय बंद ठेवून त्यावर १ व्होल्ट आणि ३ अँपिअरची मर्यादा लावावी. मुख्य लाइनवरील रेझिस्टरच्या बोर्डाकडच्या टोकाला किंवा एखाद्या मोठ्या कॅपॅसिटरच्या टोकाला जाड, आखूड तार सोल्डर करावी आणि सप्लायचे धन टोक तिला, ऋण टोक स्क्रूच्या भोकाच्या ग्राउंडला जोडावे. जोडणी उलटी झालेली नाही याची दोनदा खात्री करावी. लाइनच्या मूळ व्होल्टेजपेक्षा जास्त कधीही द्यायचे नाही, आणि १९ व्होल्टच्या लाइनवर सुरुवात एका व्होल्टनेच करायची. हीच रीत मेमरीच्या किंवा दुसऱ्या कमी व्होल्टेजच्या लाइनवर वापरायची असेल, तर अर्ध्या व्होल्टपासून सुरुवात करावी. डीडीआर४ मेमरीची लाइन १.२ व्होल्टची असते, तिला चुकून तीन व्होल्ट मिळाले तर मेमरीसोबत प्रोसेसरही जाऊ शकतो.

सप्लाय चालू केल्यावर माझ्या बोर्डाने साधारण दीड अँपिअर करंट घेतला. दीड अँपिअरचा वर्ग गुणिले ०.६ ओहम म्हणजे सुमारे १.३५ वॅट उष्णता दोन मिलिमीटर लांबीच्या भागात निर्माण होत होती. एवढी उष्णता लपून राहत नाही. थर्मल कॅमेरा असेल तर तो भाग काही सेकंदांत पांढराशुभ्र दिसतो. नसेल तर ब्रशने संशयित भागावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ थर पसरवावा आणि तो सर्वांत आधी कुठे सुकतो ते पाहावे. अल्कोहोल ज्वलनशील आहे, म्हणून खोलीत हवा खेळती असावी आणि जवळ जळता आयर्न किंवा ज्योत नसावी. बोटाने चाचपून पाहण्याची सवय मोडावी, कारण शॉर्ट झालेला भाग क्षणात कातडी भाजण्याइतका तापतो. एकदा सुकण्यावरून निष्कर्ष काढू नये. सप्लाय बंद करून, बोर्ड थंड होऊ देऊन दोन-तीन वेळा हीच कृती करावी, कारण ग्राउंडच्या तांब्यातून उष्णता शेजारच्या भागांतही पसरते आणि बाजूचा निरपराध भाग दोषी वाटू लागतो.

कधी कधी शॉर्ट इतका ‘पक्का’ असतो की काहीच तापत नाही. समजा रोध ०.०२ ओहम आहे. तीन अँपिअर दिले तरी उष्णता अवघी ०.१८ वॅट होते, आणि ती बोर्डाच्या तांब्यात विरून जाते. अशा वेळी करंट थोडा वाढवता येतो, पण मला त्यापेक्षा दुसरी रीत अधिक विश्वासाची वाटते. सप्लायमधून एक-दोन अँपिअर स्थिर करंट सोडावा, मीटर मिलिव्होल्टवर ठेवावा, काळी काडी ऋण टोक जोडलेल्या ग्राउंडवर कायम ठेवावी आणि तांबडी काडी लाइनवरच्या एकेका कॅपॅसिटरच्या धन टोकाला लावत जावे. करंट शॉर्टच्या दिशेने वाहत असल्यामुळे वाटेत व्होल्टेज थोडे थोडे उतरत जाते आणि सर्वांत कमी आकडा दोषी भागापाशी किंवा त्याच्या अगदी जवळ मिळतो. आकड्यांतला फरक एखाद-दुसऱ्या मिलिव्होल्टचाच असतो, म्हणून कागदावर जागा आणि आकडे लिहीत जावे.

माझ्या बोर्डावर अल्कोहोल तिन्ही वेळा एकाच जागी आधी सुकला. चेपलेल्या कोपऱ्याजवळच्या स्क्रूच्या भोकाशेजारी असलेल्या तीन कॅपॅसिटरांपैकी मधल्यावर.

बदली कॅपॅसिटर निवडणे

सिरॅमिक कॅपॅसिटरवर क्षमतेचा कोणताही आकडा छापलेला नसतो, त्यामुळे तो सर्किट आकृतीतूनच घ्यावा. १९ व्होल्टच्या लाइनवर बऱ्याचदा १० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट, ०८०५ आकाराचे कॅपॅसिटर दिसतात. ०८०५ म्हणजे साधारण २ मिलिमीटर लांब आणि १.२५ मिलिमीटर रुंद, ०६०३ म्हणजे १.६ बाय ०.८, तर १२०६ म्हणजे ३.२ बाय १.६. नवा भाग मूळच्याच आकाराचा, तितक्याच फॅरडचा आणि तितक्याच किंवा अधिक व्होल्टचा असावा. १९ व्होल्टच्या लाइनवर १६ व्होल्टचा कॅपॅसिटर बसवणे म्हणजे तोच दोष पुन्हा ओढवून घेणे.

सिरॅमिकचा प्रकार एक्स५आर किंवा एक्स७आर असावा. हे प्रकार अनुक्रमे ८५ आणि १२५ अंश सेल्सिअसपर्यंत आपली क्षमता १५ टक्क्यांच्या फरकात राखतात. वाय५व्ही हा स्वस्त प्रकार तापमानाबरोबर फारच घसरतो, तो या जागी नको. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. अशा लहान कॅपॅसिटरवर प्रत्यक्ष १९ व्होल्ट आले की त्याची क्षमता आकृतीतल्या आकड्याच्या निम्म्याहूनही खाली येऊ शकते. आराखडा करणाऱ्याने हे गृहीत धरूनच संख्या ठरवलेली असते, म्हणून ‘१० च्या जागी ४.७ चालेल’ अशी काटकसर करू नये.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत असे भाग मिळू शकतात. खूण नसलेले कॅपॅसिटर सुटे घेण्यापेक्षा माहिती छापलेल्या रीळमधून कापलेली पट्टी घ्यावी. भंगार बोर्डावरून काढायचा असेल तर तशाच १९ व्होल्टच्या लाइनवरचा घ्यावा आणि बसवण्यापूर्वी तो सुटा मोजून पाहावा.

समांतर जोडलेल्या अनेकांपैकी एक कॅपॅसिटर काढून तशीच जागा रिकामी ठेवली तरी बोर्ड बहुधा चालू होतो, हे खरे आहे. चाचणीपुरते तसे करायला हरकत नाही. ग्राहकाला मात्र तो तसाच परत देणे मला पटत नाही, कारण उरलेल्यांवर ताण वाढतो.

काढणे आणि बसवणे

युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून आणि भारताने १ मे २०१४ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधील शिशावर मर्यादा घातली. त्यामुळे आजचे बोर्ड शिसेविरहित सोल्डरने जोडलेले असतात आणि ते सुमारे २१७ अंशांना वितळू लागते. आपली ६३/३७ तार १८३ अंशांना वितळते. जुन्या सांध्यावर तिचा थोडा अंश मिसळला की मिश्रण कमी तापमानाला सुटते. हा लाभ घ्यावाच, पण काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत आणि टेबलावर खाऊ-पिऊ नये.

आजूबाजूचे प्लास्टिक कनेक्टर पॉलिइमाइड टेपने झाकून घ्यावेत. कॅपॅसिटरभोवती फ्लक्स लावावा, दोन्ही टोकांवर थोडे शिसेयुक्त सोल्डर चढवावे. हॉट एअरचे तापमान ३५० ते ३८० अंश आणि हवेचा वेग मध्यम ठेवावा. वेग जास्त ठेवला तर शेजारचे तिळाएवढे भाग उडून जातात. सुरुवातीला नोझल तीन-चार सेंटिमीटर वर धरून आसपासचा भाग मिनिटभर सावकाश तापू द्यावा, मग जवळ आणून गोलाकार फिरवत राहावे. ग्राउंडचे टोक आतल्या तांब्याच्या थराला जोडलेले असल्याने ते उशिरा सुटते, आणि नेमक्या याच वेळी धीर सुटून लोक भाग ओढतात. ओढला तर खालचे पॅडही (भाग ज्यावर सोल्डर होतो तो तांब्याचा तुकडा) उखडून येते. चिमट्याने अगदी हलका स्पर्श करावा, भाग सोल्डरवर तरंगल्यासारखा हलला की मगच वर उचलावा.

उचलल्यावर लगेच नवा बसवायला घेऊ नये. बोर्ड थंड होऊ द्यावा आणि लाइनचा रोध पुन्हा मोजावा. माझ्या बोर्डावर या वेळी आकडा वर चढत किलोओहममध्ये गेला, आणि काढलेला कॅपॅसिटर सुटा मोजल्यावर ०.६ ओहम दाखवू लागला. दोष तोच होता हे या दोन मापांनी सिद्ध झाले. शॉर्ट तसाच राहिला असता, तर काढलेला भाग सुटा तपासून बाजूला ठेवावा लागला असता आणि शोध पुन्हा सुरू करावा लागला असता. एका लाइनवर दोन कॅपॅसिटर गेलेले असणे दुर्मीळ नाही.

पॅडवरचे जुने सोल्डर फ्लक्स लावलेल्या तांब्याच्या पट्टीने शोषून घ्यावे. पट्टी आयर्नखाली गरम असतानाच उचलावी, थंड झाल्यावर ओढल्यास तीसुद्धा पॅड घेऊन येते. दोन्ही पॅडवर ताज्या सोल्डरचा पातळ थर द्यावा, फ्लक्स लावावा, नवा कॅपॅसिटर मधोमध ठेवावा आणि पुन्हा हॉट एअरने सावकाश तापवावे. सोल्डर वितळले की पृष्ठताणामुळे भाग आपोआप सरळ बसतो, आणि ते पाहण्यात दरवेळी समाधान मिळते. आयर्नने बसवायचे असल्यास त्याचे टोक पॅडला आणि सोल्डरला लावावे, सिरॅमिकच्या अंगाला लावू नये. थंड सिरॅमिकवर अचानक ३५० अंशांचे टोक टेकले तर नव्या भागातच चीर पडते. सोल्डरही बेताचे असावे. सांधा आतल्या बाजूला किंचित वळलेल्या उतारासारखा दिसला पाहिजे. फुगीर गोळा जास्त मजबूत असतो हा गैरसमज आहे. सोल्डर जितके अधिक, तितका बोर्ड वाकल्यावर कॅपॅसिटरवर येणारा ताण अधिक.

व्होल्टेज देण्यासाठी जोडलेली तार काढावी, ती जागा आणि नव्या भागाचा परिसर अल्कोहोल व ब्रशने स्वच्छ करावा आणि बोर्ड पूर्ण सुकू द्यावा.

पहिल्यांदा चालू करताना

मुख्य लाइनचा रोध शेवटचा एकदा मोजावा. प्रोसेसरवर हीटसिंक नीट बसवलेला असल्याखेरीज बोर्ड चालू करू नये, कारण काही सेकंदांतच प्रोसेसर धोक्याच्या तापमानाकडे जातो. बॅटरी अजून जोडायची नाही. सप्लायवर १९ व्होल्ट आणि अर्ध्या अँपिअरची मर्यादा ठेवून जॅकमधून वीज द्यावी. काही कंपन्यांच्या जॅकमध्ये मधोमध असलेली बारीक पिन अडॅप्टरच्या ओळखीसाठी असते, तिच्यावर वीज देऊ नये.

करंट क्षणात मर्यादेला जाऊन भिडला तर लगेच सप्लाय बंद करावा, लाइनवर दुसरा दोष शिल्लक आहे. माझ्या बोर्डाने या टप्प्यावर ०.०२ अँपिअर घेतले, जे बटण दाबण्यापूर्वीच्या स्थितीला साजेसे होते. मग ३.३ आणि ५ व्होल्टच्या कॉइलवर ती व्होल्टेज आली आहेत का, ते पाहिले. या वेळी मीटरची काडी घसरून दोन टोके एकत्र जोडली जाऊ नयेत म्हणून काडीच्या उघड्या धातूवर टेप गुंडाळून फक्त टोक मोकळे ठेवावे. हे सर्व ठीक असल्यावर करंटची मर्यादा चार अँपिअरवर न्यावी आणि मगच बटण दाबावे, नाहीतर चालू होताना लागणारा करंट न मिळाल्याने बोर्ड पुन्हा पुन्हा बंद-चालू होतो आणि आपण नसलेला दोष शोधत बसतो. बटण दाबल्यावर करंट ०.३ वरून एका अँपिअरच्या पुढे जात खाली-वर होऊ लागला, म्हणजे प्रोसेसर काम करू लागला होता. पंखा फिरला आणि जोडलेल्या पडद्यावर अक्षरे उमटली.

त्यानंतर सप्लाय काढून, वितळलेला बॅटरी कनेक्टर बदलून, मूळ अडॅप्टर आणि बॅटरी जोडली. चार्जिंग होते का ते पाहिले, आणि लॅपटॉप दोन तास व्हिडिओ चालवत ठेवून मधून मधून नव्या कॅपॅसिटरचे तापमान शेजारच्या दोघांशी ताडून पाहिले. तिन्ही सारखेच कोमट होते. चेपलेल्या कोपऱ्यातला स्क्रूचा खांब आतून तुटलेला होता आणि त्यामुळे झाकण उघडताना बोर्ड त्या बाजूला दरवेळी वाकत होता. तो खांब इपॉक्सीने पक्का करून, चोवीस तास सुकू देऊन मगच मी लॅपटॉप बंद केला आणि मालकाला परत दिला.